ऐंशी टक्के

वादी कबीर. दुपारचे दोन.
सावलीतला पानासुद्धा हातात धरवत नाही.
खल्फान बिन मसूदची क्रेसिडा
बॉनेट वासून उभी,
दातांच्या डॉक्टरकडे बसवल्यासारखी.

"जुनाच गॅस भर," म्हातारा म्हणतो.
माझ्या मोडक्या अरबीत मी सांगतो,
जुना आता बनत नाही, बाबा.
आभाळाला भोक पाडत होता, म्हणून बंद केला.
तो मान वर करून बघतो.
आभाळ पांढरंफटक, भाजलेलं, भोक कुठेच नाही.
"आणि इतकी वर्षं आम्हाला विकला कोणी?"
ह्यावर मी फक्त पाना बदलतो.

उरलासुरला जुना गॅस मशीनने ओढून बाटलीत घेतला.
कंप्रेसर उतरवला, उलटा धरला.
तेल आलं, सावकाश,
कुणीतरी बोलावल्यावर न उठणाऱ्या माणसासारखं.
सगळं काढावं लागतं.
नवा गॅस ह्या तेलाला ओळखत नाही :
तेल तळाशी बसून राहतं, गॅस वरच्यावर निघून जातो,
आणि कंप्रेसर कोरडा पडून एक दिवस अडकतो.
पाइप धुतले. ड्रायर नवा.
काळ्या रबरी रिंगा काढून हिरव्या बसवल्या.
काळ्या रिंगा शिनोजने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.
कशाला, ते मी विचारलं नाही.

व्हॅक्यूम लावला.
आता पाऊण तास काट्याकडे बघत बसायचं.
काटा हलला नाही, तर आपलं काम खरं.

मी हे बघत बसणं शिकलो हर्णैला,
बर्फाच्या कारखान्यात, अमोनियाने डोळे चुरचुरत.
पहाटे होड्या यायच्या, लाद्या फुटायच्या,
आणि इस्माईलभाई गेजवर बोट ठोकून म्हणायचे,
थंडी बनवता येत नाही रे पोरा,
आपण फक्त गरमी उचलून दुसरीकडे टाकतो.
तेव्हा वाटलं, म्हातारा चळला.
आता कंडेन्सरमागे उभा राहतो
तेव्हा ती टाकलेली गरमी माझ्याच पोटावर येते.

चहा आला, काळा, बिनदुधाचा.
खल्फान सांगू लागला, अठ्ठ्याऐंशी साली नवी घेतली.
सलालापर्यंत हजार किलोमीटर, काचा बंद.
मागे पाच मुलं, एका शालीवरून मारामारी,
थंडी वाजते म्हणून.
"वाळवंटात," तो म्हणाला, आणि हसताना
चहा त्याच्या दिशदाशावर सांडला.
पाचही जणांकडे आता मोठमोठ्या गाड्या आहेत.
शाल कुणाकडे आहे, त्याला आठवेना.

काटा हलला नव्हता.

बाटली वजनकाट्यावर ठेवली.
"पूर्ण भर."
नाही बाबा. जुना माप नऊशे ग्रॅमचा,
नवा भरायचा सातशेवीस.
ऐंशी टक्के. त्यावर गेलं की दाब चढतो,
मग होज फाटेल नाहीतर तुमचा खिसा.
तो वजनाचे आकडे वाचत राहिला,
कसायाकडे उभा राहावा तसा.

इंजिन चालू. जाळीत थर्मामीटर खोचला.
बावीस. सोळा. अकरा. नऊ.
त्याने जाळीला गाल लावला, डोळे मिटले.
"गार आहे," म्हणाला.
जरा थांबून : "पण तो गार नाही."
हो, मी म्हटलं. तो नाही.
सिग्नलला उभे राहाल तेव्हा थोडा कमी पडेल,
गाडी चालती ठेवली की ठीक.

शेवटी स्टिकर. कायदाच आहे तसा.
गॅस कुठला, तेल कुठलं, वजन, तारीख,
आणि बदल कोणी केला.
एकवीस वर्षांत ह्या देशात माझं नाव
लेबर कार्डावर लिहिलं गेलं, दुसऱ्यांनी, दोनदा चुकीचं.
मार्करने लिहिलं : शरफुद्दीन टिसेकर.
मराठीतच लिहिलं गेलं. खोडता येईना,
ती शाई तेलानेसुद्धा जात नाही.

क्रेसिडा निघाली.
गल्लीच्या टोकाला काच खाली झाली.
सातशेवीस ग्रॅम भरून काच खाली!
मी ओरडणार, एवढ्यात हात बाहेर आला.
मला वाटलं, हात करतोय,
मीही केला.
तो आरशावरची धूळ पुसत होता.